बांधावरचा नवा भात

लोकांना धुकं आवडतं. मागच्या आठवड्यात माझा भाचा मोबाईल घेऊन आला आणि म्हणाला, "मावशी, ये देखो, अपने डिंडोरी साइड का है." जबलपुरात वाढलेला तो, त्याला मराठी समजतं सगळं, बोलायची वेळ आली की मात्र हिंदीत शिरतो. पडद्यावर धुक्यात बुडालेला डोंगर होता, उतारावर पायरी-पायरीने उतरत गेलेली भाताची शेतं होती, आणि डोक्यावर भारा घेऊन चाललेल्या एका बाईभोवती पाच-सहा जण फोटो काढत उभे होते. खाली लिहिलं होतं की गाइडसोबत दोन दिवस पायी, मुक्काम गावात, जेवण आदिवासी घरात. भाचा म्हणाला, "चलोगी क्या?" मी म्हटलं, "बंद कर बाप्पा ते. मला ओकारी येते." तो हसला, मावशीचं नेहमीचंच आहे म्हणून. नेहमीचं आहेच, मी काही गोड स्वभावाची बाई नाही. पण ओकारी मला खरोखर येते, आणि कशाने येते ते आज लिहून टाकते. ज्यांना ठाऊक होतं त्यातले बहुतेक सगळे गेले.

माझे बाबा फॅक्टरीत चार्जमन, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते. आम्ही फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहायचो, पहाटे भोंगा झाला की आमच्या लाइनीतले सगळे स्टोव्ह एकदम पेटायचे आणि रॉकेलचा वास या घरातून त्या घरात जायचा. बाबांना चालण्याचं वेड. दर दसऱ्याच्या सुट्टीत ते कॉलनीतल्या मराठी मंडळींना घेऊन कुंडमच्या रस्त्याने बसने जायचे आणि पुढे डोंगरात तीन दिवस पायी फिरवायचे. पुढे शिट्टी घेऊन बाबा, मागे बारा-चौदा माणसं, पाठीवर पिट्टू, डोक्याला मफलर. कुणी नवा माणूस आला की बाबा त्याला प्रत्येक झाडाचं नाव सांगायचे, त्यातली निम्मी चुकीची असायची. त्या आधी आठ दिवस आमच्या घरात नुसतं तळण चालायचं. तिखट-मिठाच्या पुऱ्या, दशम्या, चिवडा, बेसनाचे लाडू, लसणाची चटणी. आई सगळं स्टीलच्या डब्यांत दाबून भरायची, वरून फडकी बांधायची, आणि उकळून गाळलेलं पाणी दोन मोठ्या कॅनमध्ये. तिसऱ्या दिवशी ते डबे उघडले की जो वास यायचा तो मला आजही आठवतो. खवट तेल, आंबलेली पुरी आणि त्यात कुणा काकांच्या ओल्या मोज्यांचा वास. पण तेच खायचं. गावातलं काही खायचं नाही, हा बाबांचा नियम.

नियम साधा नव्हता, त्याला पद्धत होती. गावातल्या माणसाने काही दिलं तर नाही म्हणायचं नाही, कारण त्याने त्यांचं मन दुखतं. हसून घ्यायचं, दोन्ही हातांनी घ्यायचं, आणि जरा बाहेर जाऊन देखावा बघता-बघता कुठेतरी रिकामं करायचं. बांधावर, झुडपात, गाईपुढे. परत येऊन वा म्हणायचं. "मान ठेवायचा, पोट सांभाळायचं," असं बाबा बसमध्येच सगळ्यांना सांगायचे, आणि धुकं असलं की काम आणखी सोपं. सगळा ग्रुप यात तरबेज झाला होता. आमच्या शेजारच्या देवधर काकू तर म्हणायच्या, "मी चहासुद्धा असा ओतते की कपाला कळत नाही." सगळे हसायचे, मीही हसायचे. कारण म्हणून पाण्याचं नाव पुढे केलं जायचं, एकदा कुणालातरी जुलाब झाले होते म्हणे. पण हीच मंडळी कुंडमच्या स्टँडवर माशा बसलेली जिलबी बोटं चाटून खायची, आणि तिथला पेला कुठल्या बादलीत विसळला ते कुणी बघायचं नाही. पोटाचं काही नव्हतं. कुणाच्या हातचं आहे, एवढाच प्रश्न होता, आणि हे कुणी तोंडाने म्हणत नव्हतं, कारण आम्ही स्वतःला फार सुधारलेले समजत होतो.

या सगळ्या वाटा बाबांना दाखवणारा खरा माणूस म्हणजे सुखराम भैया. गोंड, वयाने बाबांएवढाच, डोंगराच्या कुशीत पंधरा-वीस घरांच्या पाड्यात राहणारा. शिट्टी बाबांची, पण वाट त्याची. जबलपूरला काही कामाने आला की तो आमच्याकडे यायचा, ओट्यावर बसायचा, आई त्याला वेगळ्या कपात चहा द्यायची. त्याची मोठी मुलगी फूलवती नववीत होती. त्यांच्या तिकडे शाळा दहावीपर्यंतच. तिला अकरावीला बायोलॉजी घेऊन पुढे नर्स व्हायचं होतं, आणि बाबांनी त्या दसऱ्याला, शेकोटीपाशी बसून, सगळ्यांच्या देखत म्हणून टाकलं होतं, "दसवीं कर ले, फिर जून में भेज दो. हमारे घर रहेगी, यहीं से पढ़ेगी." सुखराम भैयाने तेव्हा बाबांच्या पायाला हात लावला होता. घरी आल्यावर आई बाबांना म्हणाली, "काहून बोलले तुम्ही? आधी मुलगी कशी आहे ते तर बघू द्या." म्हणून पुढच्या दसऱ्याला, फूलवती दहावीत असताना, आई पहिल्यांदा त्या सहलीला आली. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, लहानपणी जायचे तशी मीपण गेले. आम्ही दोघींनी मुलगी बघायची, मुलीने आम्हाला बघायचं, आणि सगळं पटलं की जूनमध्ये ती आमच्या कोठीच्या खोलीत राहायला यायची. आईने खोलीतली गव्हाची पेटी हलवून कॉट मावते का तेसुद्धा मोजून पाहिलं होतं.

पहिल्या दिवसापासूनच मला त्या सगळ्यांचा वीट आला. पहाटे निघालो तेव्हा धुक्यात दहा पावलांपुढचं दिसत नव्हतं. सालाच्या झाडांवरून पाणी ठिबकत होतं आणि सगळीकडे ओल्या पाचोळ्याचा चांगला वास होता, पण त्यात आमची मंडळी मिसळली. एक काका जातील तिथे खाकरायचे आणि थेट भाताच्या पाण्यात थुंकायचे. दुसरे एक झऱ्यावर बसून दात घासत गुळण्या टाकायचे, आणि खाली दोन बायका त्याच पाण्याच्या घागरी भरत उभ्या. लाडवांची कागदं, काड्यापेटी, फाटलेला मोजा, सगळं मागे पडत जायचं. घरासमोर थांबायचं, विचारल्याशिवाय आत डोकावायचं, आणि मोठ्याने मराठीत बोलायचं. "बघ गं, किती स्वच्छ सारवलंय. आपल्याला वाटत नाही ना यांना एवढं कळत असेल." समोरची बाई हसायची, कारण तिला भाषा कळत नव्हती. मला लाज वाटत होती का? खरं सांगायचं तर तेव्हा फक्त राग येत होता, आणि तोही मोज्यांच्या वासाचा जास्त. लाज वाटायला मी त्यांच्याहून वेगळी असायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला सुखराम भैयाच्या पाड्यात पोचलो. त्याचं घर सगळ्यात वर, आणि अंगणाच्या कडेपासून खाली एकाखाली एक भाताची शेतं. वरच्या दोन-तीन पायऱ्यांमधला लवकरचा भात कापून झाला होता, खालचा अजून हिरवा, पाण्यात उभा. धुक्यात पहिली पायरी दिसायची, दुसरी अर्धी, पुढे नुसतं पांढरं. सुखराम भैयाची बायको जमनी दारात उभी होती. तिने आईचे पाय धुवायला पाणी आणलं, आई मागे सरकली. मग सुखराम भैयाने बाबांना सांगितलं की यंदा त्यांनी नवा भात खाल्ला नाही. पाड्यातल्या सगळ्या घरांचा नवा झाला, देवाला दाखवून सगळ्यांनी खाल्ला, पण याच्या घरी थांबले होते. "आप लोग आओगे, भाभीजी आएँगी, फूलवती आपके घर जाएगी. तो हमने कहा, पहले मेहमान, फिर हम." बाबांना फार बरं वाटलं. त्यांनी मागे वळून सगळ्यांना मराठीत समजावून सांगितलं, आणि शेवटी त्याच सुरात म्हणाले, "पद्धत लक्षात आहे ना?"

भात शिजेपर्यंत फूलवती माझ्यापाशी येऊन बसली. सावळी, हडकुळी, दोन वेण्या, शाळेचा निळा फ्रॉक धुवून घातलेला. तिने वही दाखवली. हृदयाची आकृती इतकी सुरेख काढली होती की माझ्या जर्नलमध्ये तशी नव्हती. मी म्हटलं, "तुमने बनाई?" तर मान हलवली. मग हळूच विचारलं, "दीदी, मेंढक सच में काटना पड़ता है?" मी म्हटलं, हो, आणि मला पहिल्या दिवशी चक्कर आली होती. ती तोंडावर हात ठेवून हसली आणि म्हणाली, "हमको नहीं आएगी." तिने विचारलं की खोलीला खिडकी आहे का. मी म्हटलं, आहे, त्यातून पेरूचं झाड दिसतं. आईने तिला तेवढ्यात तीन-चार प्रश्न विचारले, सकाळी किती वाजता उठते, स्वयंपाक येतो का, डोक्यात उवा तर नाहीत. फूलवतीने सगळ्याची नीट उत्तरं दिली, शेवटच्याचंसुद्धा. आई मला म्हणाली, "मुलगी चांगली वाटून राहिली." मला ती इतकी आवडली होती की मी मनात तिच्यासाठी माझी जुनी पुस्तकं बाजूला काढून ठेवली.

मग भात आला. सालाच्या पानांचे द्रोण, त्यात वाफाळता लालसर भात, वर उडदाची घट्ट डाळ. जमनीने प्रत्येकाच्या हातात स्वतः दिला. भाताला जो वास होता तसा भात मी त्यानंतर कधी हुंगला नाही, आणि मी उपाशी होते, आदल्या दिवसाच्या पुरीकडे बघवत नव्हतं. पण मला जमनीचा अंगठा दिसला. डाळीत बुडालेला, नखाच्या कडेला चिखलाची काळी रेघ. तिने सकाळी शेतात काम केलं होतं, दुसरं काय असणार तिथे? मी द्रोण खाली ठेवला. आई स्टोव्हवर पोळ्या करता-करता घाम पुसायची आणि त्याच हाताने मला वाढायची, त्याची मला कधी किळस आली नव्हती. हे आज सुचतं. तेव्हा मी द्रोण उचलला आणि इतरांसारखीच "देखावा बघून येते" म्हणून बांधावर गेले. पांढऱ्या धुक्यात आमची सगळी मंडळी ओळीने उभी होती, हाताच्या अंतरावर, पाठ घराकडे. फक्त भात ओल्या मातीवर पडल्याचा मऊ आवाज, इकडे एक, तिकडे एक. मीही द्रोण उलटा केला.

खालून आवाज आला, "गिर गया क्या, दीदी?"

फूलवती खालच्या पायरीवर उभी होती, कमरेवर घागर. झऱ्यावरून पाणी घेऊन बांधाबांधाने येत होती. माझा भात तिच्या पायापाशी पडला होता. तिला खरंच वाटलं की पाय घसरून सांडला. म्हणाली, "कोई बात नहीं, ठहरो," आणि घागर तिथेच ठेवून वर पळाली. मी त्या वेळी शेजारी उभ्या असलेल्या देवधर काकूंना थांबवू शकले असते. बाबांना हाक मारू शकले असते. मी नुसती उभी राहिले. फूलवती दुसरा द्रोण घेऊन आली, त्यात भात थोडा आणि डाळ नावाला. हंड्यातलं आम्हा चौदा जणांत संपलं होतं, तो तिचा वाटा होता हे मला लगेच कळलं. तिने तो माझ्या हातात दिला आणि मी खाते का ते बघत समोर उभी राहिली, हसत. आता काही इलाज नव्हता. मी घास घेतला, तोंडापर्यंत नेला, आणि मला उमळून आलं. तिच्यासमोर, मोठ्याने, पोट धरून. घास हातातून खाली पडला.

तेवढ्यात वारा आला आणि धुकं त्या बाजूने उचललं गेलं. बांध टोकापर्यंत दिसला. चौदा माणसं, आणि प्रत्येकाच्या पायाशी एक-एक लालसर ढीग. देवधर काकू द्रोण झटकत होत्या, शीत चिकटून राहू नये म्हणून. माझी आई पदराला हात पुसत होती. फूलवतीने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं, घाई न करता. मग माझ्या हातातला द्रोण काढून घेतला. "रहने दो, दीदी." एवढंच. आणि खाली वाकून तिने भात गोळा करायला सुरुवात केली. माझा, मग काकूंचा, मग आईचा, मग बाबांचा. माणसं बाजूला सरकत गेली. जो चिखलात मिसळला होता तो तिने टाचेने पाण्यात दाबला. मला आधी वाटलं, तिला अन्नाचं वाईट वाटतंय. मग ती दर थोड्या वेळाने घराच्या दाराकडे बघत होती ते दिसलं. आई-बाप बाहेर यायच्या आत तिला सगळा बांध साफ करायचा होता.

जमनी बाहेर आली तेव्हा बांध स्वच्छ होता. तिने विचारलं, "पेट भरा?" बाबा म्हणाले, "क्या चावल है भाभी. ऐसा चावल जबलपूर में कहाँ." सगळ्यांनी वा वा केलं. सुखराम भैया खूश होऊन सगळ्यांचे पिट्टू स्वतः उचलून द्यायला लागला. फूलवती भिंतीला टेकून उभी होती, दोन्ही हात पाठीमागे. त्यानंतर आम्ही गावाबाहेर पडून, पहिल्या वळणाआड बसून, डबे उघडले. मी त्या दिवशी पुऱ्या खाल्ल्या की नाही? खाल्ल्या. चार खाल्ल्या. आईने विचारलं, "त्या पोरीला कळलं वाटतं?" बाबा म्हणाले, "हट, लहान आहे ती. अन् कळलं तरी काय, आपण कुणाला काही बोललो तर नाही ना." आता जबलपूरच्याच नेपियर टाउनमधल्या या फ्लॅटमध्ये मी एकटी असते, वरच्या मजल्यावरच्या कोचिंगची पोरं दिवसभर धडधड जिने चढतात, आणि स्वयंपाकाला येणाऱ्या बाईची जात मी कधी विचारली नाही. या गोष्टीचं मी बरीच वर्षं मनातल्या मनात कौतुक करत होते. त्या कौतुकाचीही आता शिसारी येते.

चैत्रात सुखराम भैया आमच्याकडे आला. रविवार होता, बाबा घरी होते. तो ओट्यावर बसला आणि पंच्याच्या टोकाशी चाळा करत राहिला. मग म्हणाला की फूलवतीचे पेपर चांगले गेलेत, पण ती जबलपूरला यायचं नाही म्हणते. कारण सांगत नाही. दसऱ्यापासून हेच चाललंय. समजावलं, ओरडलो, तिच्या आईने दोन दिवस जेवण सोडलं. "मारा भी मैंने," तो म्हणाला, आणि खाली बघितलं. बाबांनी लगेच मान हलवली. "लड़कियों का यही होता है, सुखराम. मन में पढ़ाई ही नहीं होगी." मी दारात उभी होते. सुखराम भैयाने वर बघितलं आणि मला म्हणाला, "बिटिया, बहुत पूछा तो एक ही बात बोलती है, कि दीदी से पूछ लो, दीदी को मालूम है. इसीलिए आया हूँ. तुम बताओ, वहाँ कुछ हुआ था क्या? किसी ने कुछ कहा उसको?"

आई आतून हात पुसत येऊन उभी राहिली. बाबा माझ्याकडे बघत होते, रागाने नाही, अगदी शांतपणे, जसं ते पाहुण्यांसमोर मला आत जा म्हणताना बघायचे. फूलवतीने सहा महिने मार खाल्ला होता, पण आपल्या घरचा नवा भात पाहुण्यांनी मातीत टाकला हे बापाला कळू दिलं नव्हतं. ते सांगायचं की नाही, हे तिने माझ्यावर सोडलं होतं. मी सांगितलं असतं तर तो माणूस आमच्या ओट्यावरच मोडला असता, पण घरी जाऊन मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला असता, आणि तिच्यासाठी दुसरी शाळा, दुसरं घर, काहीतरी शोधलं असतं. बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आले की त्याला दुःख होऊ नये म्हणून मी गप्प बसले. खोटं आहे ते. मला बाबांची भीती वाटली, आणि उमळून आलेलं सांगायची लाज वाटली.

मी म्हणाले, "नहीं भैया, मुझे तो कुछ नहीं मालूम."

त्याने माझ्या तोंडाकडे क्षणभर बघितलं. मग श्वास सोडला. "अच्छा. तो लड़की झूठ बोलती है." म्हणाला, बैसाखात एक स्थळ आहे, सांगून आलंय, आता हो म्हणून टाकतो, फार लाडावून ठेवली. आणि तो उठला, ओट्याच्या खाली उतरला, आणि बाबांसमोर, आईसमोर, माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला. आप लोगों ने इतना मान दिया, हमारे घर आए, हमारे हाथ का खाया, और इस लड़की ने आपकी बात नहीं रखी. हमको माफ़ कर दो. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, जाऊ दे, बच्ची है. आईसुद्धा म्हणाली, जाऊ द्या. मग तो माझ्याकडे वळला, हात तसेच जोडलेले, आणि मीही मान हलवून त्याला माफ केलं.